मी वर गेले की मला वर नेलं? कॅनपी फील्ड कोर्सचा रिव्ह्यू

सहा दिवसांचा कोर्स. दोरावर लटकून कॅनपीत, म्हणजे झाडांच्या शेंड्यांच्या छतात जायचं, तिथलं शेवाळ, दगडफूल, सालीचे तुकडे गोळा करायचे आणि संध्याकाळी लॅबमध्ये त्यात कोण राहतंय ते बघायचं. जाहिरातीत शेवटी एक ओळ होती की शारीरिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी सोय आहे. "सोय आहे" वाचलं की मला आधी हसू येतं, कारण बऱ्याच ठिकाणी सोय म्हणजे एक रॅम्प असतो आणि त्या रॅम्पच्या तोंडाशी कुणाची तरी मोटारसायकल लावलेली असते. तरी फॉर्म भरला.

आधी माझं सांगते म्हणजे पुढचं कळेल. माझी स्पायनल इंजुरी टी १० ची आहे, म्हणजे पाठीच्या कण्यात छातीमागच्या दहाव्या मणक्यापाशी (आकडा लहान तितकी इंजुरी वर), हात एकदम ठणठणीत, पाय काहीच नाही, पोटाचे स्नायू अर्धेमुर्धे म्हणजे टेकायला काही नसेल तर मी हळूहळू एका बाजूला कलते. व्हीलचेअर मॅन्युअल. बॅचमध्ये आम्ही आठ जण, त्यातले तिघे "सोय"वाले: मी, कोपराखालून एक हात नसलेला एक मुलगा, आणि सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेली एक मुलगी, जिची पकड कमी आहे आणि घाई केली की हातपाय आखडतात. कोर्सचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण मला कुणाची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही नाही, असा कोर्स कुठेही लावला तरी याच गोष्टी बघाव्या लागतील म्हणून लिहितेय.

पहिला मार्क त्यांच्या फोनला. फॉर्ममध्ये "काही मेडिकल अडचण?" एवढाच एक डबा होता, तो मी भरला आणि विसरले, पण दोन दिवसांनी हेड ट्रेनर सरांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं की ट्रान्स्फर, म्हणजे चेअरमधून दुसरीकडे सरकणं, कोणत्या बाजूने करतेस, सेन्सेशन कुठपर्यंत आहे, सलग किती वेळ बसलं तर चालतं, वजन किती, बाथरूमला दर किती वेळाने जावं लागतं. एकदाही "तुला जमेल ना?" विचारलं नाही. हा प्रश्न मला कुणी विचारला नाही असं माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालंय.

आता मुळात वर कशाला जायचं, खालून दुर्बिणीने बघ ना, असं घरच्यांपासून सगळे म्हणतात. त्याचं उत्तर असं की जंगलातला फार मोठा कारभार वरच चालतो. टेरी अर्विन नावाच्या कीटकतज्ज्ञाने पनामात एकाच जातीची १९ झाडं निवडली, वर कीटकनाशकाचं धुकं सोडलं आणि खाली पडलेले किडे मोजले, तर नुसत्या भुंगेऱ्यांच्याच साधारण १२०० जाती निघाल्या. त्यावरून त्याने १९८२ मध्ये पृथ्वीवर कीटक आणि त्यांच्या भाऊबंदांच्या ३ कोटी जाती असतील असा हिशोब मांडला, तो पुढे बराच खाली आणला गेला, पण वर बघायला हवं हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं ते त्यामुळे. कॅनपीचाच अभ्यास करणाऱ्या नलिनी नाडकर्णींनी तर १९८१ मध्ये दाखवून दिलं की फांद्यांवर साठलेल्या मातीत झाड स्वतःच मुळं सोडतं, म्हणजे झाड आपल्याच खांद्यावरची माती खातं. जमिनीवर उभं राहून हे कुणाला दिसणार?

आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलांना वर न्यायची कल्पना काही या कोर्सवाल्यांनी शोधलेली नाही. अमेरिकेत कॅन्ससच्या बेकर युनिव्हर्सिटीतले विल्यम मिलर आणि कॅनपीवर आयुष्य घालवलेल्या मार्गारेट लोमन यांनी हे आधीच करून दाखवलंय, चालता न येणाऱ्या विद्यार्थ्यांना दोराने झाडावर चढवून त्यांच्याकडून टार्डिग्रेडवर खरंखुरं संशोधन करून घेतलं. आमच्या कोर्सचा विषयही तोच, टार्डिग्रेड, म्हणजे ते आठ पायांचं मिलिमीटरपेक्षाही लहान पाण्यातलं अस्वल. विषय हुशारीने निवडलाय कारण सॅम्पल म्हणजे नुसता शेवाळाचा सुकलेला तुकडा, तो पळत नाही, चावत नाही, जाळी घेऊन मागे धावावं लागत नाही, आणि कागदाच्या पाकिटात कोरडा ठेवला तरी आतले टार्डिग्रेड अंग आक्रसून गोळा होऊन पडून राहतात आणि पाणी मिळालं की पुन्हा चालायला लागतात.

हां, तर जमीन. सगळ्यात वाईट भाग हाच. गाडीतून उतरल्यावर झाडापर्यंत पाचेक मिनिटांची पायवाट, म्हणजे चालणाऱ्यांची पाच मिनिटं. अर्ध्या वाटेवर त्यांनी रबरी मॅट टाकल्या होत्या, छान, पण पुढच्या अर्ध्यावर मुळंच मुळं आणि माझ्या चेअरची पुढची चिमुकली चाकं प्रत्येक मुळात अडकून मी तोंडावर पडायच्या बेतात. शेवटी चार जणांनी मला चेअरसकट उचललं. चौघांचा श्वास फुललेला, एक जण "अरे डावीकडून धर", दुसरा "थांब थांब पाय सरकला", आणि मी मधे देवळातल्या पालखीसारखी, फरक एवढाच की पालखीतल्या देवाला लघवीला लागत नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी चेअरला पुढे लावायचं एक मोठं चाक आणलं, ज्याने छोटी चाकं जमिनीवरून उचललीच जातात, आणि मी सरळ माझी माझी गेले. ही वस्तू पहिल्या दिवशी का नव्हती? दोर, कप्प्या, कॅराबिनर यांवर एवढा खर्च आणि वाटेचा विचार कुणी केलाच नाही. टॉयलेटचंही तेच, दार रुंद, आत पकडायला दांडा, आणि उंबरा हा एवढा वीतभर. बांधणाऱ्याने यादीतल्या सगळ्या गोष्टी केल्या आणि स्वतः एकदाही चाकावर बसून आत जाऊन बघितलं नाही.

झाडापाशी आल्यावर मात्र ही माणसं वेगळीच. मोठ्या गलोलीने बारीक दोरीला बांधलेली वाळूची पिशवी नेमक्या फांदीवरून पलीकडे टाकली, मग त्या दोरीने जाड दोर ओढून घेतला, दोघांनी एकदम लटकून फांदी तपासली. आणि मला जे सगळ्यात आवडलं ते हे, वरची कप्पी ज्या दोरावर लटकते तो दोर खाली खोडाशी ब्रेक लावून बांधलेला, म्हणजे मी वर बेशुद्ध पडले तर कुणी माझ्यापर्यंत चढून यायची वाट न बघता खालचा माणूस मला सावकाश खाली सोडू शकतो. मी विचारलं किती वेळ लागेल, तर त्यांनी तोंडी उत्तर दिलं नाही, एका ट्रेनरला वर लटकवून दाखवलं. दोन मिनिटांच्या आत खाली. हे महत्त्वाचं यासाठी की हार्नेसमध्ये न हलता लटकत राहिलं तर रक्त पायांत साठतं आणि चक्कर येते, धडधाकट माणसालाही, आणि माझे पाय तर कायमच न हलणारे.

चढायची पद्धत समजून घ्या, कारण सगळी गंमत इथे आहे. नेहमीच्या एकेरी दोराच्या पद्धतीत पायात फास अडकवून उठाबशा काढल्यासारखं वर सरकतात, म्हणजे काम पाय करतात आणि हात नुसते तोल सांभाळतात. माझं बरोबर उलटं. मग त्यांनी माझ्यासाठी कप्प्यांची तीनास एक रचना लावली, म्हणजे माझं ५४ किलो वजन असेल तर कागदावर १८ किलोचा जोर, घर्षणामुळे प्रत्यक्षात जास्तच, आणि त्याची किंमत अशी की एक मीटर वर जायला तीन मीटर दोर ओढायचा. फांदी १४ मीटरवर. ४२ मीटर दोर, एका ओढीत हातभर, करा हिशोब, शंभराच्या आसपास ओढी. प्रत्येक ओढीनंतर दोरावरची गाठ आपोआप आवळते त्यामुळे हात सोडून दम खाता येतो. पहिल्या दिवशी मला ४० मिनिटं लागली, बॅचमधला पाय असलेला सगळ्यात फास्ट मुलगा ६ मिनिटांत गेला होता, पाचव्या दिवशी मी २५ वर आले होते. खांदे दुखले, तळहाताला फोड आले, ग्लोव्ह्ज घ्या.

बसण्याचं सांगते. साध्या हार्नेसचे मांडीचे पट्टे अरुंद असतात, ज्याला मांडीत काही जाणवतच नाही त्याच्यासाठी ते धोक्याचे, प्रेशर सोअर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, व्हायला वेळ लागत नाही आणि बरा व्हायला महिने लागतात. यांनी हार्नेसखाली रुंद फळी दिली, छातीला वेगळा पट्टा दिला म्हणून मी मागे कलंडले नाही, आणि दोन्ही पाय गुडघ्याच्या वर मऊ पट्ट्याने एकत्र बांधून थोडे उचलून ठेवले. सगळं बरोबर, पण फळीवरचा फोम अगदीच पातळ, बोटाने दाबला तर खालचं लाकूड लागायचं. मी पहिल्या दिवशीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी तोच फोम, तिसऱ्या दिवशी जाड आला. तोपर्यंत मी दर दहा मिनिटांनी दोराला धरून स्वतःला उचलत होते. शिवाय पायांना नडगीचं काही संरक्षण नाही, चढताना बूट फांदीत अडकला तर मला कळतच नाही, रात्री आरशात बघितलं तर डाव्या पोटरीवर हे लांब ओरखडे. फुटबॉलवाले घालतात ते शिन गार्ड घालून जा, आणि रोज रात्री पूर्ण अंग तपासा.

ज्यांची इंजुरी टी ६ किंवा त्याच्या वर आहे त्यांनी हे नीट वाचा. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, म्हणजे इंजुरीच्या खाली काही टोचलं, आवळलं किंवा ब्लॅडर भरलं की बीपी एकदम चढतो, डोकं फुटायला येतं, चेहरा लाल. आता हार्नेस म्हणजे आवळणाराच प्रकार, आणि कॅथेटरची, म्हणजे लघवीची नळी मांडीच्या पट्ट्याखाली दुमडली तर ब्लॅडरही भरणार. कोर्सच्या फर्स्ट एडवाल्याला हा शब्दच माहीत नव्हता. दोर हाताळण्यात एक नंबर, पण शरीराबद्दल त्यांची तयारी फोनवर मी जेवढं सांगितलं तेवढीच, आणि सगळेच काही माझ्यासारखे बडबडे नसतात. इंजुरीखाली घामही नीट येत नाही त्यामुळे ऊन असेल तर पाण्याचा स्प्रे बरोबर ठेवा.

वर पोचल्यावर काय वाटलं ते कोणी विचारलं की मी एकच सांगते: मी माझी व्हीलचेअर वरून पहिल्यांदा बघितली. इतकी वर्षं तिच्यात बसतेय पण ती वरून कशी दिसते हे मला माहीतच नव्हतं. छोटी, चौकोनी, सीटवर एक पान पडलेलं.

आणि आता तक्रार, जिच्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहायला घेतला. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हातांनी १४ मीटर चढले, घामाघूम, समोर फांदीवर शेवाळाची गादी, मी पाकीट काढते तोवर शेजारच्या दोरावरचा ज्युनिअर ट्रेनर आला, त्याने चाकूने तुकडा काढला, पाकिटात टाकला, वर उंची लिहिली आणि म्हणाला "झालं तुझं सॅम्पल, दमलीस, चल खाली". इतक्या प्रेमाने म्हणाला की मला रागावताही येईना. खाली आल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी विचार करत बसले की मी नक्की केलं काय? शेवाळ कुठल्या बाजूचं होतं, उन्हाचं की सावलीचं, मी तीच जागा निवडली असती का? काही नाही, मी वर गेले खरी, पण सॅम्पलच्या बाबतीत मला नुसतं वर नेलं.

त्याच दुपारी सीपीवाल्या मुलीची पाळी. तिच्या हातात ओढायचा जोर नाही म्हणून खालून तिघांनी जास्त कप्प्या लावून तिला ओढलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल की हिला तर पूर्णच नेलं. पण तिच्या कानात रेडिओ होता आणि हेड ट्रेनर सरांचा नियम असा की तिचा आवाज आल्याशिवाय दोर हलणार नाही. "वर." "थांब." "अजून थोडं." "नको, खाली, ते दगडफूल राहिलं." तिचं बोलणं सावकाश येतं, शब्द ओढून येतात, खालचे तिघं दोर धरून उभे, कुणी वाक्य पूर्ण करून देत नव्हतं. तीन वेगवेगळ्या उंचीवर थांबून तिने सॅम्पल घेतले, चाकूऐवजी जाड मुठीचा खरवडण्याचा चमचा होता तो मनगटाला बांधलेला, एकदा पडलं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा जमलं. दीड तास लागला. एकाही स्नायूने न चढता ती गेली, आणि मी शंभर वेळा दोर ओढून नेली गेले.

हे मी संध्याकाळी सरांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले उद्यापासून तुझ्या शेजारचा दोर दोन मीटर लांब लावतो, म्हणजे त्याचा हातच पोचणार नाही. आणि खरंच लावला. ट्रेनर लोकांकडून मला माफी वगैरे नको असते, दोन मीटर दोर सरकवणारा माणूस हवा असतो.

एका हाताच्या मुलाचं डोकं भारी. वर दोन्ही हातांचं काम पडतं, एकाने पाकीट उघडं धरायचं, दुसऱ्याने खरवडायचं. त्याने मांडीवर छोटा क्लिपबोर्ड बांधला, पाकीट त्याला चिमटा लावून तोंड उघडं, पेन्सिल दोरीला. दुसऱ्या दिवसापासून सगळे जण, दोन हातवालेसुद्धा, तसाच बोर्ड लावून चढायला लागले. माझ्या मांडीवरून तो घसरायचा कारण मांडी काही त्याला अडवत नाही, मी तो छातीच्या पट्ट्याला लावला.

दोराऐवजी दुसरं काही बरं का, असंही विचारतात. क्रेन असते, बांधकामाची असते तशीच, पाळण्यात बसून वर जायचं. पनामात १९९० मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकन संशोधन संस्थेने पहिली लावली. हात-पाय कशाचंच काम नाही, पण क्रेन जिथे उभी तेवढंच जंगल तुमचं. मग उंचावरचे पूल. लंडनच्या क्यू गार्डनमधला १८ मीटरवरचा २००८ पासून आहे आणि त्याला लिफ्ट आहे, जर्मनीतल्या बव्हेरियन फॉरेस्टमधला तर १३०० मीटर लांब आणि चढ जास्तीत जास्त ६ टक्के, चाकावर बसून ४४ मीटरच्या टॉवरवर जाता येतं. बघायला उत्तम. संशोधनाला अडचण अशी की कठडा बहुतेक वेळा माझ्या डोळ्यांसमोर आणि हात पोचेल तेवढ्यातलंच शेवाळ माझं, बसून हात पोचतो तो उभं राहून पोचतो त्यापेक्षा बराच कमी. दोराचा फायदा हा की कुठलंही मजबूत झाड चालतं आणि हवेत लटकल्यावर सगळेच बसलेले असतात. धोका नाही असं मात्र कुणी म्हणू नका, स्वतः नाडकर्णी २०१५ मध्ये झाडावरून पडून भयंकर जखमी झाल्या होत्या, आणि बऱ्या होऊन पुन्हा चढल्या.

लॅबला मी पाचपैकी दोन देते. शेवाळ रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, सकाळी पिळायचं, ते गढूळ पाणी डिशमध्ये घेऊन मायक्रोस्कोपखाली शोधायचं. काम मस्त, पण टेबलांखाली कपाटं, त्यामुळे चेअरचे गुडघे आत जात नाहीत, तिरकं बसायचं आणि मान वळवून आयपीसमध्ये बघायचं, आणि आयपीस माझ्या कपाळाच्या लेव्हलला. १४ मीटरवर पोचवलेल्या मुलीला ३० सेंटिमीटरने हरवलं यांनी. चौथ्या दिवशी कॅमेरा जोडून स्क्रीनवर चित्र आलं तेव्हा कुठे सगळ्यांना एकदम बघता आलं, आणि सीपीवाल्या मुलीला जॉयस्टिकने डिश हलवता येत होती.

तर मार्क: दोर आणि सुरक्षितता पाचपैकी पाच, माणसं साडेचार, वाट आणि टॉयलेट दीड, लॅब दोन, शरीराची माहिती अडीच. एकूण साडेतीन, आणि मी पुन्हा जाणार आहे. तुम्ही असा कुठलाही कोर्स लावणार असाल तर फोनवर "ॲक्सेसिबल आहे का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की गाडीपासून झाडापर्यंत वाट कशी आहे त्याचा व्हिडिओ पाठवा, फळीवरचा फोम किती जाड, बेशुद्ध पडले तर किती मिनिटांत खाली, टेबलाखाली गुडघे जातात का, आणि वर गेल्यावर चाकू कोणाच्या हातात असेल.

शेवटच्या दिवशी माझं १७ नंबरचं पाकीट, उत्तरेकडची बाजू, १३ मीटर, मी निवडलेली जागा, त्यात दोन टार्डिग्रेड निघाले. एक नुसता पडून होता, दुसरा वाळूच्या कणाला धरून लडखडत चालला होता, पाय हवेत मारत, धरायला काही मिळतंय का बघत. मी स्क्रीनसमोरून वीस मिनिटं हलले नाही. सीपीवाल्या मुलीच्या त्या राहिलेल्या दगडफुलात अकरा निघाले, आणि ती आजतागायत मला रोज मेसेजमध्ये नुसता "११" पाठवते.